बुखाऱ्याची मशीद पाहायची तर आधी बाजारात शिरा

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस उझबेकिस्तानला जाणार आहात, सोबत सिव्हिल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले वडील आहेत. फोटोंत सगळ्याच इमारती सारख्या निळ्या दिसतात. मग रेशीम मार्गावरच्या या शहरांत व्यापाराचा आणि मशिदी-मदरशांचा नेमका संबंध काय, आणि तो जागेवर डोळ्यांना दिसतो का?

दिसतो. मात्र निळ्या फरशांत शोधाल तर हाती लागणार नाही. मी गेली सव्वीस वर्षं दख्खनमधल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, चुना आणि वीट हाच माझा रोजचा विषय, आणि बुखाऱ्याला तीनदा जाऊन आले आहे. समरकंद पाहून डोळे दिपतात, खिवा आखीवरेखीव आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बुखाऱ्यात आहे. आठांतले निदान तीन दिवस तिथे द्या.

मराठी माणसाला या शहरात एक सोय आहे, ती म्हणजे तिथली नावं आपल्याला अर्धीअधिक कळतात. आपला आलूबुखार तिथलाच. बाजारातल्या एका मोठ्या घुमटाचं नाव तोकी सर्राफान, म्हणजे सराफांची कमान. दुसरा तोकी जरगरान, सोनारांचा. त्यातला जर म्हणजे आपल्या जरीतलाच. जमिनीच्या पातळीपेक्षा बरीच खाली गेलेली एक जुनी मशीद आहे, मागोक-ए-अत्तारी. अत्तार आडनावाची माणसं तुमच्या ओळखीत असतीलच. शहराच्या मध्यावरचं तळं लब-ए-हौज, म्हणजे हौदाचा काठ. ही सगळी नावं धंद्याची किंवा पाण्याची आहेत, आणि मशीद तर चक्क मसाले-औषधी विकणाऱ्यांच्या नावानं ओळखली जाते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं.

उरलेलं निम्मं भाड्यात आहे. मशीद किंवा मदरसा बांधायला एकदा पैसा लागतो, पण ती चालवायला कायम लागतो. शिक्षकाचा पगार, विद्यार्थ्यांची भाकरी, दिव्याचं तेल, गळक्या घुमटाची डागडुजी. त्यासाठी बांधणारा सोबत दुकानांची रांग, हमामखाना, सराई, गिरणी किंवा शेतजमीन वक्फ करून द्यायचा. म्हणजे ती मालमत्ता कायमची बांधली गेली. विकता यायची नाही, आणि तिचं उत्पन्न त्या मदरशाकडेच जायचं. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची आठवण होईल, ते बरोबरच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे बहुतेक जमिनी लावून दिलेल्या असत, आणि बुखाऱ्यासारख्या वाटेवरच्या शहरात त्यात गाळे आणि सराया भरपूर. काफिला आला की सराईची खोली भरायची, उंटांच्या दावणी भरायच्या, गोदामाचं भाडं यायचं, आणि त्या पैशातून पलीकडच्या मदरशात कुणीतरी व्याकरण शिकत असायचं. काफिले थांबले की मदरशाच्या घुमटावर गवत उगवायचं.

म्हणून म्हणते, मशीद पाहायची तर आधी बाजारात शिरा.

बाजाराचे घुमट आज तीन उरलेत. सर्राफान, जरगरान आणि टोपीवाल्यांचा तेलपाक फुरुशान. तिन्ही १६व्या शतकातले, शैबानी घराण्यातल्या अब्दुल्ला खान दुसरा याच्या काळातले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'रेशीम मार्ग' हे नाव जुनं नाही; रिख्तहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं ते १८७७ मध्ये रूढ केलं. समुद्रमार्ग सापडले आणि खुष्कीचा व्यापार संपला असं आपण शाळेत शिकतो. पण बुखाऱ्यात आज उभ्या असलेल्या इमारतींतल्या बऱ्याच वास्को द गामानंतरच्या आहेत. चीनकडची वाट मंदावली तरी हिंदुस्थान, बुखारा आणि रशिया असा उभा, म्हणजे दक्षिणोत्तर व्यापार जोरात होता. इकडून सुती कापड आणि नीळ जायची, तिकडून घोडे यायचे. सर्राफान घुमटाखाली पैसे बदलून देणाऱ्यांत मुलतानी आणि पुढे शिकारपुरी हिंदू सावकारही होते.

वडिलांना तिथे नेलंत की आधी जमिनीवरचा नकाशा पाहायला सांगा, छत नंतर. घुमट बांधायचा तर माणूस मोकळी चौकोनी जागा निवडतो. इथे उलट झालंय. रस्ते आधीपासून होते, वाकडेतिकडे, शेकडो वर्षांच्या रहदारीनं पडलेले, आणि ते जिथे एकमेकांना मिळतात त्या चौकावरच घुमट घातला. तेलपाक फुरुशानला पाच रस्ते येऊन मिळतात. पाच रस्त्यांच्या चौकावर चौकोनी बांधकाम बसणार कसं? म्हणून तिथे षटकोनी आखणी केली. बाहेरून ती ओबडधोबड टेकडीसारखी दिसते, पण मध्यभागी उभं राहून एकदा स्वतःभोवती फिरा, म्हणजे प्रत्येक कमान कुठल्या रस्त्याकडे तोंड करून उभी आहे ते कळतं. कमानींची उंची लादलेला उंट सहज जाईल एवढी. उजेड वरच्या झरोक्यांतून येतो, खाली ऊन उतरत नाही. मी जुलैमध्ये गेले होते तेव्हा बाहेर पाय भाजत होते, आणि आत आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत घाम वाळला. जाड विटांची भिंत, उंच पोकळी आणि वर गरम हवेला बाहेर पडायची वाट, यापलीकडे त्यात काही नाही.

सर्राफानला मात्र मान वर करून बघाच. चार मोठ्या कमानी एकमेकींना छेदून जातात आणि त्यांच्या पाठीवर घुमट बसतो. विजापूरचा गोलघुमट आतून पाहिला असेल तर त्या छेदणाऱ्या कमानी ओळखीच्या वाटतील. तिथे आठ कमानी दोन चौकोन करून तोच भार पेलतात. बुखाऱ्याचं काम छोटं आहे, पण डोक्याजवळ आहे. कोणती वीट कुठे वळली हे दुर्बिणीशिवाय दिसतं.

आता विटेकडे येते. बुखारा सपाट मैदानातलं, झरफशान नदीच्या पाण्यावर जगणारं गाव. जवळ ना बांधकामाचा दगड, ना मोठं लाकूड. माती अमाप. म्हणून घरं कच्च्या विटांची आणि मोठ्या इमारती भाजलेल्या विटांच्या. तीही फुकट नव्हे, कारण भट्टीला जळण लागतं आणि वाळवंटात जळण म्हणजे झुडपं. तेव्हा जिथे भाजलेली वीट दिसेल तिथे समजायचं की इथे पैसा लागलाय. तिथली वीट आपल्यासारखी लांबट नसते, चौकोनी आणि चपटी असते, वीतभर रुंद आणि जेमतेम दोन बोटं जाड.

या विटेचं सगळ्यात सुंदर काम सामानी राजांच्या कबरीत आहे. ९व्या शतकाची अखेर ते १०व्या शतकाची सुरुवात, या काळातली. प्रत्येक बाजू साधारण १० मीटर, अशी जवळजवळ घनाकृती इमारत, चारही बाजूंना सारखी दारं, वर अर्धगोल घुमट. एकही रंगीत फरशी नाही. जी काही नक्षी आहे ती विटा आडव्या, उभ्या, तिरक्या लावून केलेली. लांबून वेताची टोपली विणल्यासारखी भिंत. सकाळी उन्हं तिरपी असताना जा, कारण ही नक्षी सावलीची आहे. बारा वाजता ती भिंत सपाट दिसते आणि लोक दोन फोटो काढून निघून जातात. मी तिथे एका कोपऱ्यात दीड तास बसले होते, उन्हाबरोबर एकेक वीट पुढे येताना पाहत. आत गेलात की कोपऱ्यांकडे लक्ष द्या. खोली चौकोनी आणि घुमट गोल, हे जमवायला प्रत्येक कोपऱ्यावर तिरकी कमान घातलीय, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन झाला आणि मग त्यावर वर्तुळ बसलं. पुढे बिदर-विजापूरपर्यंत घुमटाचं हेच गणित निरनिराळ्या रूपांत सोडवलेलं दिसतं. इथे ते लपवलेलं नाही, वडील दोन मिनिटांत वाचून दाखवतील.

मग निळा रंग आला कुठून? कल्याण मिनाराकडे चला. ११२७ मध्ये काराखानी राजा अर्सलान खान यानं बांधला, उंची साधारण ४६ मीटर. चंगीजखानानं १२२० मध्ये शहर जाळलं, त्यातून हा वाचला. १९२० मध्ये लाल सैन्याच्या तोफांचे घाव बसले, तेही बुजवले गेले. सगळा मिनार मातकट विटांचा, पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळी वीण, आणि वरच्या बाजूला एकच पट्टा फिरोजी झिलईचा, म्हणजे भाजून चढवलेल्या काचेसारख्या लेपाचा. मध्य आशियात वास्तूवर झिलई वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत तो मोडतो. म्हणजे तुम्ही फोटोत पाहता तो निळा पूर इथे बोटभर धारेसारखा सुरू होतो. फिरोजी रंग तांब्याचा. वाळवंटी झाडांच्या राखेतला क्षार झिलईत मिसळला की तांबं हिरवं न होता फिरोजी उतरतं. गर्द निळा कोबाल्टचा. तैमूरच्या काळात, १४व्या शतकाच्या अखेरीस, हे काम समरकंदला प्रचंड प्रमाणावर झालं, कारण त्यानं जिंकलेल्या शहरांतले कारागीर धरून आणले होते. बीबी खानम मशिदीच्या कामावर दगड ओढायला हिंदुस्थानातून आणलेले ९५ हत्ती होते, अशी नोंद आहे. कारागिरी आणि हत्ती दोन्ही लुटीतून. वाटेवरून फक्त रेशीमच जात होतं असं नाही.

हे मला टाळता येत नाही म्हणून लिहिते. कल्याण मिनारासमोरचा मीर-ए-अरब मदरसा, १५३०च्या दशकातला, दोन निळ्या घुमटांचा, तिथली सर्वांत देखणी इमारत म्हणेन मी. तिच्या खर्चाबद्दल असं सांगितलं जातं की हजारो इराणी बंदी गुलाम म्हणून विकून तो पैसा उभा राहिला. बुखारा १९व्या शतकापर्यंत गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठिकाण होतं. घुमट पाहताना मी हे विसरत नाही, तुम्हीही विसरू नका. आजही तिथे विद्यार्थी शिकतात, त्यामुळे पर्यटकांना दारापाशीच थांबावं लागतं.

आता ज्या एका इमारतीसाठी तुम्हाला बुखाऱ्याला धाडतेय तिच्याकडे येते. लब-ए-हौजच्या पूर्वेला नादिर दीवानबेगी मदरसा, १६२२ चा. दर्शनी कमानीवर दोन मोठे पक्षी, पंजांत पांढरी हरणं, मध्ये माणसाचा चेहरा असलेला सूर्य. मशिदी-मदरशांवर सजीव चित्रं नसतात हे ऐकलेले सगळे तिथे चक्रावतात आणि त्या चित्राचाच फोटो काढतात. तुम्ही दारातून आत जा. साधारणपणे मदरशात शिरल्यावर समोर भिंत येते, मग डावी-उजवीकडे वळून चौकात पोचायचं. एका बाजूला छोटी मशीद, दुसऱ्या बाजूला वर्गाची खोली. इथे तसं काही नाही. दारातून सरळ चौक. ना वर्ग, ना मशीद. कारण ही इमारत मुळात सराई म्हणून बांधली होती. लादलेल्या उंटाला नव्वद अंशात वळवत बसणार कोण? गोष्ट अशी सांगतात की उद्घाटनाला खान आला आणि त्यानं चुकून 'काय सुंदर मदरसा बांधलात' असं म्हटलं. खानाचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, म्हणून सराईचाच मदरसा केला. दर्शनी कमान आणि कोपऱ्यांचे बुरूज नंतर चढवले.

गोष्ट खरी असो वा नसो, आराखडा खोटं बोलत नाही. आणि ती अदलाबदल इतक्या सहज का झाली, हे त्यातलं महत्त्वाचं. मध्ये मोकळा चौक, चारही बाजूंना ओळीनं खोल्या, पुढे ओवऱ्या. त्या खोलीला तिकडे हुजरा म्हणतात. हुजऱ्यात व्यापारी आणि त्याची गाठोडी ठेवली तर ती सराई. विद्यार्थी आणि त्याची पुस्तकं ठेवली तर तो मदरसा. आपल्या चौसोपी वाड्यात नाही का, पुढे तिथेच शाळा भरली, कचेरी बसली, बिऱ्हाडं राहिली? व्यापार आणि धर्म यांचा संबंध विचारला होतात ना, तो या एका चौकात उभं राहून पायानं मोजता येतो.

हौदाच्या काठी संध्याकाळी बसा, चहा घ्या, तुतीची जुनी झाडं आहेत. १६२० चा हा हौद. शहरात असे कित्येक होते, शाहरूद कालव्याचं पाणी त्यांत यायचं, आणि पायऱ्या उतरून लोक पाणी भरायचे. त्याच पाण्यातून नारू व्हायचा. आपल्याकडच्या पायविहिरींचं दुखणं अगदी हेच होतं. भारतातून नारू गेला तो १९९०च्या दशकात. बुखाऱ्यात तो १९३०च्या सुमारास संपवला, आणि त्यासाठी बहुतेक हौद आटवले, बुजवले. वास्तू जपणारी म्हणून मला हौद गेल्याची हळहळ वाटते, पण पायातून वीतवीतभर अळी काढून घेणाऱ्या माणसाला ती वाटली नसती. तो निर्णय योग्य होता.

भिंतींच्या पायाशी गेलात की पांढरी पूड दिसेल. आपण त्याला लोणा म्हणतो. कापसाच्या शेतीसाठी कालवे वाढले, जमिनीखालचं पाणी वर आलं, ते विटेत चढतं आणि वाळताना क्षार मागे ठेवून जातं. ते क्षार विटेचा पापुद्रा आतून ढकलून पाडतात. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. काही इमारतींत पाया आणि भिंत यांच्यामध्ये बोरूच्या काड्यांचा थर असे, ओल तिथेच अडायची आणि भूकंपाचा हादराही थोडा शोषला जायचा. नंतरच्या दुरुस्त्यांत अनेक ठिकाणी सिमेंट वापरलं गेलं. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, मग ती आणखी वर चढते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः एका कबरीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरून घेतल्या होत्या, वरिष्ठांनी सांगितलं म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात सिमेंट तसंच राहिलं आणि भोवतालचा दगड सुटला. तेव्हापासून चुन्याशिवाय कशाला हात लावला नाही. बुखाऱ्यातल्या भिंतीवर करड्या, कडक, चकचकीत दर्जा दिसल्या की त्यांच्या वरच्या चार थरांतल्या विटा पाहा, काय म्हणतेय ते कळेल.

परत आल्यावर जमलं तर बिदरला जा. तिथला मदरसा १४७२ चा, बहमनी वजीर महमूद गवान यानं बांधलेला. हा माणूस कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा, व्यापारासाठी दख्खनेत आलेला, आणि त्याचा किताब काय, तर मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा मुख्य. त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला पोचला आणि त्यानं आपल्या टिपणांत या मलिक-उत-तुज्जारचा उल्लेख केला. चौक, चार बाजूंना उंच कमानींची दालनं, तीन मजली हुजरे, दर्शनी भिंतीवर रंगीत फरशा, सगळं तुम्ही नुकतंच पाहून आलेलं असेल. फक्त इथे त्यावर साडेपाचशे पावसाळे बरसलेत. बहुतेक फरशा गेल्या. ज्या उरल्यात त्यांतली एक तरी बुखाऱ्याच्या फोटोशेजारी धरून पाहा.

शेवटचं, प्रवासाचं. बुखारा ते समरकंद झोकदार रेल्वे आहे आणि सगळे तुम्हाला तीच घ्यायला सांगतील. एका बाजूनं तरी गाडी करा. नवोई यायच्या थोडं आधी रस्त्याकडेला रबात-ए-मलिक आहे, ११व्या शतकातली सराई. तिचा फक्त दरवाजा उभा आहे, मागचं सगळं पायाच्या रेषांएवढं उरलंय. रस्ता ओलांडला की सरदोबा, म्हणजे घुमटानं झाकलेला पाण्याचा हौद, कारण उघड्यावरचं पाणी वाळवंटात टिकत नाही. पायऱ्या उतरून आत जाता येतं आणि हाक मारली तर आवाज घुमतो. एका बाजूला मुक्काम, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधून रस्ता. हा रस्ता अजून तोच आहे. मी दरवाज्याच्या सावलीत विटा मोजत होते तेव्हा एक मालट्रक येऊन थांबला, ड्रायव्हर उतरला, त्यानं सरदोब्याकडे जाऊन तोंड धुतलं नाही कारण आता तिथलं पाणी कुणी वापरत नाही. केबिनमधून बाटली काढून त्याच भिंतीला टेकून तो पाणी प्यायला, आणि बुखाऱ्याच्या दिशेनं निघून गेला.